मुलगी विमानात आहे

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या पलीकडे, एक लांबट खोली होती. तिच्या एका भिंतीत स्टीलचे कप्पे बसवलेले होते. त्या कप्प्यांची आणि त्यांतल्या माणसांची देखभाल करणाऱ्याला सगळे थंडोबा म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण त्याला ऐकू जाणार नाही याची काळजीही घेत नसत. त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. नाव दोन्ही अंगांनी लागू होतं. काम थंडीचं, आणि माणूसही तसाच. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. राग आलाच तर तो दुसऱ्या दिवशी लक्षात यायचा, आणि तोवर निघूनही गेलेला असायचा.

तरुणपणी तो बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. कारखाना बंद पडला तेव्हा रुग्णालयाला शीतगृहाच्या यंत्रासाठी माणूस हवा होता, म्हणून तिथे लागला. पुढे आधीचा रखवालदार निवृत्त झाला आणि साहेब म्हणाले, नवा मिळेपर्यंत तेवढं तूच बघ. नवा काही मिळाला नाही. "मी तात्पुरता म्हणून आलो," तो सांगायचा, "पण इथे बाकी सगळेच तात्पुरते. मीच तेवढा कायम."

त्याचं लग्नही झालं होतं. भांडण नाही, तंटा नाही. पण तो कामावरून आला की बायको खिडक्या उघडायची, आणि त्याने वाढायला हात पुढे केला की तिचा घास घशातच अडकायचा. एकदा भावाकडे राहायला गेली ती परत आलीच नाही. त्याने खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला तिच्या भावाने दारातच सांगितलं, "तुम्ही माणूस चांगले आहात हो. पण काम बदला."

"विचार करतो," तो म्हणाला. बसमध्ये बसून त्याने खरंच विचार केला. दुसरं काही येत नव्हतं हे एक झालं. आणि दुसरं, जे त्याने कोणाला सांगितलं नसतं, ते म्हणजे त्याला ते काम आवडायला लागलं होतं. तिथे कोणी घाईत नसे. एखाद्याचा वर आलेला हात नीट खाली ठेवावा, चादर सारखी करावी, केस कपाळावरून मागे घ्यावेत, हे सगळं त्याला मनापासून जमायचं. बायकोने पुढे दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं. बरं झालं, असं तो म्हणाला, आणि त्यात खोट नव्हती.

मात्र माणसं हळूहळू लांब झाली. कॅन्टीनमध्ये तो ज्या टेबलाशी बसेल ते टेबल त्याचं एकट्याचं व्हायचं. कोणी उठून जात नसे, फक्त कोणी येऊन बसत नसे. सुट्टीच्या दिवशी दुकानदाराखेरीज कोणाशी शब्द बोलायचा योग येत नसे, आणि दुकानदाराशीही तो साबण मागण्यापुरताच.

कोणाला घेऊन नातेवाईक खाली आले की तो त्यांना एकच प्रश्न विचारायचा.

"कोणी यायचंय का लांबून?"

उत्तर त्याला कप्पा ठरवायला लागायचं. त्याच दिवशी न्यायचं असेल त्यांना दाराजवळची ओळ. वाट बघायची असेल त्यांना आतली. तो कामाला लागला तेव्हा आतली ओळ बहुतेक रिकामीच असायची. फार तर कोणाचा भाऊ बसने यायचा असायचा. मग वर्षं गेली, लोकांची मुलं जगभर पांगली आणि आतली ओळ भरायला लागली. "मुलगा निघालाय." "मुलगी विमानात आहे." हे वाक्य त्याने इतक्या तोंडांनी ऐकलं होतं की माणसाचा चेहरा बघूनच ते येणार हे त्याला कळायचं. एखाद्या शहराचं नाव ऐकलं की तो मान हलवायचा आणि आतला कप्पा ओढायचा. ती शहरं त्याने कधी नकाशावरही पाहिली नव्हती. त्याच्या लेखी ती लांबी म्हणजे कप्पा बंद राहण्याचा वेळ, एवढंच.

नकाशा त्याला दाखवला तो बाईंनी.

बाई त्याच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकदा त्यांचा फ्रिज बंद पडला आणि कोणीतरी सांगितलं, वरच्या मजल्यावर यंत्रवाला राहतो. तो हत्यारं घेऊन आला. तो काय काम करतो हे त्यांना ठाऊक होतं. माणसं हे कळलं की विषय बदलायची. बाईंनी विचारलं, "किती अंशावर ठेवतोस तू तिथे?"

त्याने सांगितलं.

"म्हणजे माझ्या भाजीपेक्षा फार वेगळं नाही," बाई म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "लोक तुला थंडोबा म्हणतात ना? मीही म्हणू, की नाव सांगतोस?"

"म्हणा की. नाव पगाराच्या दिवशीच लागतं."

फ्रिज चालू झाला. बाईंनी चहा केला, स्वतःचा कप त्याच्या कपाशेजारी ठेवला आणि समोर बसून प्यायल्या. त्या दिवशी जिना चढताना त्याच्या लक्षात आलं की कोणासोबत बसून चहा प्यायला त्याला किती काळ लोटला ते आठवत नाही. पुढे तो सुट्टीच्या दिवशी खाली जाऊ लागला. कारण काहीतरी काढायचा. बिजागरी कुरकुरतेय का, नळ गळतोय का. बाईंना ते कळत होतं. एकदा म्हणाल्या, "घरात मोडायला आता काही उरलं नाही रे. नुसताच येत जा."

बाईंची एकुलती एक मुलगी खूप लांबच्या शहरात होती. तिथे ती चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. लग्न केलेलं नव्हतं. दर आठवड्याला तिचा फोन यायचा. बाईंची संध्याकाळ असायची आणि तिची सकाळ. "ती आंघोळ करून बोलते आणि मी जांभया देत," बाई सांगायच्या. "दोघींना एक वेळ कधी सापडतच नाही."

थंडोबाने एकदा विचारलं, एवढं लांब म्हणजे विमान समुद्रावरूनच जात असेल ना, सरळ? बाई उठल्या. शाळेतून निवृत्त होताना मिळालेला पृथ्वीगोल त्यांनी टेबलावर ठेवला, शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, एक टोक इथे धरायला लावलं आणि दुसरं मुलीच्या शहरावर टेकवलं. दोरा ताणला तर तो समुद्रावरून गेलाच नाही. वर सरकला आणि डोक्यावरच्या पांढऱ्या बर्फाला घासून पलीकडे उतरला.

"नकाशा चपटा असतो म्हणून आपल्याला वाटतं आडवं जायचं," बाई म्हणाल्या. "पृथ्वी गोल आहे. जवळचा रस्ता हा असा, वरून. साडेतेरा हजार किलोमीटर. इतकं एका दमात तिच्याकडचं विमान येत नाही. मध्ये उतरायचं, ताटकळायचं, दुसरं धरायचं. घरातून निघून घरात शिरेपर्यंत एक दिवस पुरत नाही."

"मग येतात का त्या?"

"सहा वर्षं झाली." बाईंनी दोरा गुंडाळायला घेतला. "मीच म्हणते, नको येऊस. एवढा प्रवास, आणि आली की चार दिवस नुसती पेंगते. जेवताना डोळे मिटतात तिचे. मग शुद्धीवर येते तोवर जायचा दिवस."

दोरा गुंडाळून झाल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मी गेले तर मला किती दिवस ठेवता येईल तुला?"

"यंत्र चालतंय तोवर."

"आणि बिघडलं तर?"

"मी आहे ना."

"मग झालं," बाई म्हणाल्या. "घाई नाही म्हणायचं." आणि दोघं हसली.

पुढच्या थंडीत एका सकाळी तो कामाला निघाला तेव्हा बाईंच्या घरातून किटलीची शिट्टी ऐकू येत होती. तो बाहेरच्या दारापर्यंत गेला. शिट्टी थांबेना. तो मागे फिरला. बाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने आधी गॅस बंद केला, कारण तो आवाज सहन होईना, आणि मग मागे वळून पाहिलं. बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मान कलली होती. त्याने आयुष्यभर जे पाहिलं होतं ते ओळखायला त्याला क्षणही लागला नाही, आणि तरी तो बराच वेळ "बाई, बाई" म्हणत राहिला.

बाईंच्या नवऱ्याच्या बाजूचा एक पुतण्या त्याच शहरात होता. टायरचं दुकान चालवायचा, हाताला नेहमी काळं लागलेलं. तो धावत आला, डॉक्टरांचं सगळं त्याने पाहिलं, चुलत बहिणीला फोनही त्यानेच केला. दुपारी बाईंना खाली आणलं तेव्हा थंडोबा दारात उभा होता. ओळखीचं माणूस त्या दारातून पहिल्यांदाच येत होतं. तोंडातून सवयीने निघून गेलं, "कोणी यायचंय का लांबून?"

पुतण्या म्हणाला, "मुलगी विमानात आहे. म्हणजे बसेल आता."

त्याने आतला कप्पा ओढला.

पहिलं विमान वेळेवर निघालं. मधल्या शहरात उतरलं आणि त्याच्या मागोमाग तिथे बर्फाचं वादळ आलं. पुढची सगळी विमानं जागच्या जागी थांबली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, वरचं कार्यालय बंद होतं, आणि रुग्णालयाच्या नंबरावर आलेला फोन फिरत फिरत तळघरात त्याच्या टेबलावर वाजला. तिथला फोन महिनोन् महिने वाजत नसे. त्याने उचलला.

"मी बोलतेय..." एका स्त्रीचा आवाज होता, घोगरा. मागे खूप माणसांचा गलका आणि कसल्याशा घोषणा. "माझी आई तुमच्याकडे आहे."

"हो," तो म्हणाला. "भूगोलाच्या बाई."

"तुम्ही ओळखता तिला?"

"मी वर राहतो. तुमच्याच इमारतीत."

"थंडोबाकाका?"

बाईंनी लेकीला आपल्याबद्दल सांगितलं असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तीच पुढे म्हणाली, "कशी आहे आई?" आणि म्हटल्यावर तिला आपण काय विचारलं ते कळलं.

"नीट आहेत," त्याने सांगितलं. "निळा स्वेटर आहे अंगावर. केस मी विंचरलेत. चेहरा दुखल्यासारखा नाही. झोप लागली तशा गेल्यात."

ती रडत असावी. गलक्यात नीट कळत नव्हतं. त्याने फोन कानाशी धरून ठेवला. कोणी रडत असताना काय करायचं हे त्याला माहीत होतं, कारण त्या खोलीत त्याने ते रोजच केलेलं होतं. काहीच करायचं नसतं, फक्त तिथून हलायचं नसतं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "तिला सांगाल का, मी निघालेय म्हणून?"

मृतांशी बोलणारे रखवालदार असतात. तो त्यातला नव्हता. इतक्या वर्षांत त्याने त्या भिंतीकडे तोंड करून एक शब्द काढला नव्हता. पण तो उठला, आत गेला, कप्पा थोडा ओढला आणि म्हणाला, "बाई, ताई निघाल्यात. मध्येच अडकल्यात, पण निघाल्यात." आवाज त्याचा त्यालाच ओशाळवाणा वाटला. मग परत येऊन त्याने फोन उचलला.

"सांगितलं."

"थँक्यू," ती म्हणाली.

त्याने तिला आपल्या मोबाइलचा नंबर दिला. त्या दिवशी ती पुन्हा पुन्हा फोन करत राहिली. विमानतळावर ती एका खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. आजूबाजूला शेकडो माणसं होती, मुलं बॅगांवर झोपली होती, आणि तिला सगळ्या गर्दीत फक्त एक माणूस ठाऊक होतं, जे फोनवर होतं आणि जे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती सांगत होती, बाहेर काचेवर बर्फ चिकटलाय, पलीकडची विमानं दिसत नाहीत. तो सांगत होता, इथे ऊन पडलंय. मग ती म्हणाली, "मी यायला हवं होतं आधी. पण ती म्हणायची, नको येऊस. दर वेळी. मला वाटायला लागलं, तिला सवय झालीये एकटीची, मी आले की अडचण होते."

थंडोबा बोलून गेला, "त्या पृथ्वीगोलावर दोरा लावून बसायच्या. तुमचा फोन होऊन गेला की. मी पाहिलंय."

बोललं आणि त्याला वाटलं, नको होतं बोलायला. तिथे तिच्या खांद्यावर हात ठेवायला कोणी नव्हतं, आणि तो साडेसात हजार किलोमीटरवर एका तळघरात स्टुलावर बसला होता.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खरंच बरं झालं होतं, का ती नुसतं सभ्यपणे तसं म्हणाली होती, हे त्याला कधी कळलं नाही.

वादळ ओसरेना. पुतण्या आला. तो वाईट माणूस नव्हता. बाहेरगावचे नातेवाईक येऊन त्याच्या दोन खोल्यांत कोंबून राहिले होते, त्यांनाही परत जायचं होतं, विधीची वेळ ठरलेली होती, आणि विमान कधी उडेल ते कोणी सांगत नव्हतं. "तिच्याशी बोललो मी," तो म्हणाला. "ती म्हणाली, तुला ठीक वाटेल ते कर. आता मी किती थांबू? उद्या सकाळी नेतो."

"थांबलात तर बरं," थंडोबा म्हणाला. "यंत्राला काही अडचण नाही. माझ्याकडून काहीच घाई नाही."

"घाई तुमच्याकडून असण्याचा प्रश्नच कुठे येतो?" पुतण्या थकला होता. "तुम्ही कोण त्यांचे?"

थंडोबाने विचार केला. तो नेहमीप्रमाणे वेळ घेऊन उत्तर शोधत होता, आणि पुतण्या उभा होता. "शेजारी," तो शेवटी म्हणाला.

"शेजारी मीही दहा जणांचा आहे हो," पुतण्या म्हणाला, जरा मऊपणाने. "त्याने काय होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाईंना तयार केलं. निळ्या स्वेटरची बटणं लावली. आजवर माणसं त्याच्या दारातून बाहेर गेली की त्याचा संबंध संपायचा, तो दार लावून कप्पा धुवायला घ्यायचा. त्या दिवशी मात्र त्याने सुट्टी मागितली आणि गाडीच्या मागे विद्युतदाहिनीपर्यंत गेला. निघण्याआधी मुलीचा फोन आला होता. "फोन चालू ठेवाल का? मला काही बोलायचं नाही. फक्त ऐकते."

त्याने ठेवला. सगळ्यांच्या मागे, भिंतीला लागून तो उभा राहिला आणि फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात सांगत गेला. "आता सगळे बसलेत. तुमचे भाऊ पुढे आहेत. शाळेतल्या दोन बाई आल्यात, एकीच्या हातात काठी आहे. फुलं पांढरी आहेत. आता भाऊ उठले. आता दार उघडलं. आता आत नेताहेत. सगळे उभे राहिलेत. दार लावलं." पुढच्या ओळीतल्या एकाने वळून रागाने पाहिलं. तो आणखी हळू बोलू लागला. सगळं संपून लोक बाहेर पडल्यावर त्याने फोन कानाला लावला तर तो बंद होता. तिकडची लाइन मध्येच केव्हातरी तुटली होती. तो किती वेळ नुसत्या हवेशी बोलत होता कोण जाणे.

तिचं विमान त्यानंतर दोन दिवसांनी आलं. पुतण्याला दुकान सोडवेना, म्हणून थंडोबा गेला. इतक्या वर्षांत त्याचं सगळं काम विमानांच्या भरवशावर चाललेलं, पण विमानतळ त्याने पाहिला नव्हता. तो फार लवकर पोहोचला. काचेचं दार सरकायचं, माणसं गाड्या ढकलत बाहेर यायची, आणि कठड्याला लागून उभे असलेले कोणीतरी हात वर करायचे. मिठ्या, रडणं, पोरांची उचलाउचल. त्याने आजवर या प्रवाशांचं पुढचं तेवढं पाहिलं होतं, तळघरातलं. त्याला वाटलं होतं ते इथेही तसेच येत असतील, खाली मान घालून. पण बहुतेक जण हसत होते.

गर्दी ओसरल्यावर एक स्त्री आली. पाठीवर एकच पिशवी, केस चपटे झालेले, एक डोळा कडेला लाल. ती इकडेतिकडे बघत नव्हती. आपल्यासाठी कोणी आलेलं नसणार हे तिने धरूनच ठेवलेलं दिसत होतं.

"ताई," तो म्हणाला.

ती थांबली. "आणखी काहीतरी बोला," ती म्हणाली.

"बस इथूनच सुटते."

"तुम्हीच," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात धरला. त्याच्या हाताला कोणी आपणहून हात लावण्याची त्याला सवय नव्हती. तो तसाच अवघडून उभा राहिला.

बसमध्ये तिने सांगितलं, "मला 'दार उघडलं' पर्यंत ऐकू आलं. मग गेलं."

"त्यापुढे फार काही नव्हतं," तो म्हणाला.

तिला घरी जायच्या आधी ती खोली बघायची होती. त्याने नेलं. कप्पा धुऊन ठेवलेला होता. तो ओढून दिला आणि तो बाजूला झाला. तिने आत हात घातला, तळ चाचपला आणि म्हणाली, "इतकं काही गार नाही." मग ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. त्यानेही घाई केली नाही.

ती आठ दिवस राहिली. पहिले चार तिने, बाई म्हणायच्या तसेच, झोपेत काढले. भर दुपारी उठून विचारायची, सकाळ आहे का? उरलेल्या दिवसांत घर आवरलं. भांडी शेजाऱ्यांनी नेली, पृथ्वीगोल पुतण्याच्या मुलांनी. संध्याकाळी ती वर यायची आणि दोघं त्याच्या ओट्याजवळ उभ्याने चहा प्यायची, कारण त्याच्याकडे एकच खुर्ची होती. ती आपल्या लहानपणच्या बाईंच्या गोष्टी सांगायची, तो शेवटच्या वर्षांतल्या बाईंच्या. दोघांकडच्या बाई वेगवेगळ्याच होत्या, आणि दोघांनाही दुसऱ्याची थोडी असूया वाटत होती.

निघताना ती म्हणाली, "एकदा या तिकडे."

"येईन की," तो म्हणाला. दोघांनाही त्याचा अर्थ माहीत होता.

सुरुवातीला ती दर आठवड्याला फोन करायची. मग महिन्याने. तो समजून होता. बाईंबद्दलचं बोलून झाल्यावर बोलायचं काय? तळमजल्यावर नवं जोडपं राहायला आलं. त्यांचं सगळं सामान नवं होतं, बिघडण्यासारखं काही नव्हतं. सुट्टीचे दिवस पुन्हा पहिल्यासारखे लांब झाले. उलट आता जास्तच, कारण आता ते मोजायला कोणाची तरी आठवण होती.

मग एक दिवस अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे एक गृहस्थ होते, कुठल्याशा विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत. त्यांचे वडील इथे वारले होते. बाईंच्या मुलीच्या कारखान्यातल्या कोणाचे तरी ते ओळखीचे, तिनेच नंबर दिला होता. ते अडखळत म्हणाले, "मला कळत नाही मी काय विचारायला फोन केला ते."

"काही विचारायला नको," थंडोबा म्हणाला. "तुमचे वडील इथेच आहेत. मी त्यांच्याजवळच बसलोय."

त्यांच्याकडून तो नंबर आणखी कोणाकडे गेला, तिथून आणखी पुढे. वर कार्यालयात कळलं तेव्हा साहेबांनी बोलावून घेतलं. हे काम आपलं नाही, म्हणाले. थंडोबाने ऐकून घेतलं आणि फोन घेत राहिला. फोन करणारे तऱ्हेतऱ्हेचे होते. कोणी रडायचे, कोणी भावाला शिव्या घालायचे. एक जण नुसतं हवामान विचारत राहिला. पोहोचल्यावर ती माणसं खाली यायची, पण समोर आल्यावर त्यांना बोलता येत नसे. ज्याच्याशी आपण विमानतळावर कोपऱ्यात बसून हमसाहमशी रडलो तो हा, हे आठवून ती कानकोंडी व्हायची. आपल्या माणसाला घेऊन निघून जायची. पुन्हा कोणाचा फोन येत नसे. येऊही नये, असं त्याला वाटायचं. थोडं वाईटही वाटायचं.

त्यातली एक आजी होती. भाऊ गेला होता, धाकटा. मुलं-नातवंडं आपापल्या कामात, म्हणून ती एकटीच निघाली होती, आणि मध्येच एका विमानतळावर तिचं पुढचं विमान रद्द झालं होतं. तिचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि थंडोबा डबा उघडत होता. आजी रडत नव्हती. भावाबद्दलही तिने फार विचारलं नाही.

"तुम्ही कामात आहात का?" ती म्हणाली.

"नाही. जेवायला बसतोय."

"मीही," आजी म्हणाली. "इथे पावाचं काहीतरी मिळालंय. कालपासून एकटीच खातेय, घशाखाली उतरत नाही. तुम्ही जेवा. मी पण खाते. बोलायला नको. नुसता फोन राहू द्या."

त्याने फोन टेबलावर उभा करून ठेवला आणि डब्यातलं अंडं सोललं. पलीकडून कागद चुरगळल्याचा आवाज आला, मग घोषणा, मग पाण्याची बाटली उघडल्याचा. यंत्राची घरघर तिकडे ऐकू जात असावी. आजीने एकदाच विचारलं, "तुमच्याकडे काय आहे?" तो म्हणाला, "अंडी आणि पाव." "छान," आजी म्हणाली. दोघं जेवत राहिली. त्याने सावकाश खाल्लं, नेहमीपेक्षाही सावकाश, कारण तिचं संपलेलं नव्हतं.

मग तिकडे काहीतरी पुकारलं. आजीची पिशव्या गोळा करण्याची गडबड ऐकू आली.

"आमचं विमान लागलं," ती म्हणाली. "येते हं."

"या," तो म्हणाला.